पवित्र पाण्याचं भांडं केव्हा भरायचं?

1 एप्रिल 2022 हा शुक्रवार होता. आदल्या दिवशी राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि कोरोनाचे सगळे निर्बंध उठवल्याचं जाहीर झालं. मास्क ऐच्छिक झाला. लगेच गुढीपाडवा होता, त्यापाठोपाठ रमजानचे रोजे सुरू होणार होते, 10 तारखेला रामनवमी, 14 ला आंबेडकर जयंती आणि महावीर जयंती, 16 ला हनुमान जयंती. दोन वर्षं घरातल्या घरात उरकलेले सण पुन्हा रस्त्यावर यायचे होते, आणि वर्तमानपत्रांची पानं शोभायात्रांच्या बातम्यांनी भरली होती.

याच पंधरवड्यात आणखी एक आठवडा होता. रामनवमीच्या दिवशीच झावळ्यांचा रविवार, आंबेडकर जयंतीच्या दिवशी पवित्र गुरुवार, 15 ला गुड फ्रायडे आणि 17 ला ईस्टर. कॅथलिक चर्चच्या वर्षातला हा सर्वांत गर्दीचा आणि सर्वांत जास्त हाताळणीचा आठवडा. झावळ्या वाटायच्या, बारा जणांचे पाय धुवायचे, शेकडो लोकांनी एकाच क्रुसाचं चुंबन घ्यायचं, ईस्टरच्या जागरणाला शेजाऱ्याच्या मेणबत्तीवरून आपली मेणबत्ती पेटवायची, नव्या पाण्याचा शिडकावा अंगावर घ्यायचा. साथीच्या काळात काय काय टाळावं याची यादी कुणी करायला बसलं असतं, तर एवढ्या एका आठवड्यावरून ती पुरी झाली असती.

सरकारनं सूट दिली ती एका निर्णयानं. चर्चला मात्र ती एकेक करून घ्यावी लागली. बाकांवरच्या खुणा काढायच्या का? दाराशी सॅनिटायझर घेऊन उभा राहणारा स्वयंसेवक आता घरी पाठवायचा का? गायनवृंदाला पुन्हा पूर्ण संख्येनं उभं करायचं का? ख्रिस्तशरीर, म्हणजे अर्पण केलेली भाकर, जिभेवर द्यायचं की हातावरच? क्रुसाचं चुंबन? आणि दारातलं पवित्र पाण्याचं भांडं, जे 2020 च्या मार्चपासून कोरडं होतं, ते केव्हा भरायचं? यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर शासनाच्या निर्णयात नव्हतं, आणि ते तिथं असायचं कारणही नव्हतं.

रोमनंही हात वर केले होते, पण चांगल्या अर्थानं. 2020 आणि 2021 मध्ये पवित्र आठवडा कसा पाळावा याच्या बारीकसारीक सूचना व्हॅटिकननं जगभर पाठवल्या होत्या. 25 मार्च 2022 च्या पत्रात मात्र उपासनेचं काम पाहणाऱ्या खात्यानं सांगितलं की आता वेगळ्या सूचना देण्याचा विचार नाही. ठिकठिकाणच्या धर्माध्यक्षांनी परिस्थिती पाहून, जपून निर्णय घ्यावेत. म्हणजे मुंबईतल्या मंत्रालयानं चेंडू खाली टोलवला आणि रोमनंही. तो येऊन पडला धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, अंगणात, प्रमुख धर्मगुरू आणि पॅरिश कौन्सिलच्या समोर.

दोनदा बंद, दोनदा उघडं

महाराष्ट्रातल्या चर्चचा या दोन वर्षांचा हिशेब समजून घेतल्याशिवाय त्या एप्रिलमधला सावधपणा समजत नाही. मार्च 2020 च्या तिसऱ्या आठवड्यात इथल्या सार्वजनिक मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासना, थांबल्या आणि त्या वर्षीचा ईस्टर, 12 एप्रिलचा, रिकाम्या चर्चमध्ये झाला. 30 मे 2020 ला केंद्रानं टाळेबंदी उठवण्याचा पहिला टप्पा जाहीर केला. त्यानुसार 8 जूनपासून देशभर प्रार्थनास्थळं उघडता येणार होती, पण महाराष्ट्रानं ती बंदच ठेवली. ऑक्टोबरमध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी आणि मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्यात यावरून जाहीर पत्रव्यवहार झाला आणि तो देशभर गाजला. बार आणि उपाहारगृहं उघडली, मग देवच बंद का, असा राज्यपालांचा सवाल होता. अखेर दिवाळीच्या पाडव्याला, 16 नोव्हेंबर 2020 ला, मंदिर-मशिदींबरोबर चर्चची दारं उघडली.

उघडली, पण नाताळ आला तोवर महापालिकांच्या हद्दीत रात्री अकरापासून संचारबंदी लागली होती. मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळी आणावी लागली आणि शासनाच्या सूचनेनुसार चर्चमध्ये एका वेळी जास्तीत जास्त 50 माणसं बसली. पुढचा ईस्टर 4 एप्रिल 2021 ला होता. त्याच दिवशी राज्य सरकारनं ‘ब्रेक द चेन’चा निर्णय घेतला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून प्रार्थनास्थळं पुन्हा भाविकांना बंद झाली. पुनरुत्थानाचा सण आटोपून लोक घरी पोहोचतात तोच दार पुन्हा लागलं. ते उघडलं थेट घटस्थापनेला, 7 ऑक्टोबर 2021 रोजी. त्यानंतर जानेवारीत ओमायक्रॉनची लाट आली आणि नुकती वाढवलेली माणसांची संख्या पुन्हा आवरती घ्यावी लागली.

दोनदा उघडून दोनदा फसगत झालेली माणसं तिसऱ्यांदा दार सताड उघडताना जरा थांबणारच. एप्रिल 2022 मध्ये काही लोकांना चर्चचा सावधपणा भित्रेपणा वाटला. पण तो भित्रेपणा असेल तर अनुभवानं आलेला होता. गेल्या ईस्टरनंतर आलेल्या लाटेत किती घरांतली माणसं गेली हे प्रत्येक धर्मग्रामाच्या मृत्यूनोंदवहीत लिहिलेलं होतं. त्या लाटेत अंत्यविधीला वीसच माणसं, शवपेटी न उघडता, थेट दफनभूमी, असा शिरस्ता होता. मोठ्या मिस्सा, महिन्याच्या मिस्सा, वर्षश्राद्धाच्या जागी होणाऱ्या स्मरणमिस्सा सगळ्या पुढे ढकललेल्या होत्या. त्यामुळे निर्बंध उठले तेव्हा चर्चमध्ये पहिली गर्दी झाली ती राहून गेलेल्या निरोपांची.

ज्यांनी घरी थांबायचं होतं

4 जून 2020 ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं प्रार्थनास्थळांसाठी नियमावली काढली. ती आज वाचली तर त्या काळाचं सगळं भय तिच्यात दिसतं. मूर्तींना, पुतळ्यांना, धर्मग्रंथांना हात लावायचा नाही. प्रसाद वाटायचा नाही, पवित्र पाणी शिंपडायचं नाही. गायकांचे गट नकोत, गाणी ध्वनिमुद्रित चालतील. सतरंजी प्रत्येकानं आपली आणायची. आणि 65 वर्षांवरचे लोक, गरोदर स्त्रिया, दहा वर्षांखालची मुलं, जुनाट आजार असलेले यांनी घरीच थांबावं.

घरी थांबण्याच्या कलमाचा अर्थ चर्चपुरता काय होतो हे वसईत किंवा वांद्र्यात रोजच्या सकाळच्या मिस्सेला एकदा डोकावलेल्या माणसाला लगेच कळेल. सहा-साडेसहाच्या त्या मिस्सेला बाकांवर असतात ते बहुतेक साठीच्या पुढचे. ज्यांनी आयुष्यभर चर्च चालवलं, फुलं लावली, वेदीची वस्त्रं धुतली, जपमाळेची सुरुवात केली, त्यांनाच नियम सांगत होता की तुम्ही येऊ नका. नियम चुकीचा नव्हता; या आजारात वय हाच सर्वांत मोठा धोका होता. पण त्यामुळे साथीनंतरच्या चर्चचा प्रश्न बदलला. दार उघडल्यावर कोण आलं यापेक्षा कोण परतलं नाही, हे पाहणं महत्त्वाचं ठरलं.

न परतणाऱ्यांमध्ये दोन तऱ्हा होत्या. काही वृद्धांचे पाय दोन वर्षांत थकले होते. घर ते चर्च हे अंतर पूर्वी जेवढं होतं तेवढंच असलं तरी त्यांना ते आता जमत नव्हतं. दुसरीकडे धडधाकट माणसांना पडद्यावरच्या मिस्सेची सवय लागली होती. चहाचा कप हातात, रविवारची मिस्सा मोबाईलवर, प्रवचन लांबलं तर पुढे ढकलण्याची सोय. उपासनेच्या खात्याचे तेव्हाचे प्रमुख कार्डिनल रॉबर्ट सारा यांनी 15 ऑगस्ट 2020 च्या पत्रात स्पष्ट केलं होतं की प्रक्षेपण कितीही चांगलं असलं तरी ते प्रत्यक्ष सहभागाची जागा घेऊ शकत नाही, आणि परिस्थिती परवानगी देईल तेव्हा लोकांनी चर्चमध्ये परत यावं. सिद्धांत म्हणून हे बरोबरच आहे. पण धर्मग्रामाला त्या पत्रात नसलेला एक फरक करावा लागला. जो येऊ शकतो पण येत नाही त्याच्यासाठी कॅमेरा बंद करावा, आणि जो येऊच शकत नाही त्याच्यासाठी तो चालू ठेवावा. एकच कॅमेरा दोन्ही करू शकत नाही. अनेक ठिकाणी तो चालू राहिला. माझ्या मते हे योग्यच झालं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या सोयीचा दुसऱ्या कुणी गैरफायदा घेतला तरी ती सोय काढून घेऊ नये.

घरातून मिस्सा पाहण्याची कल्पना चर्चच्या इतिहासात अगदी नवी नाही. 1576 मध्ये मिलान शहरात प्लेग आला तेव्हा तिथले आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभ्या केल्या, म्हणजे घरात कोंडलेल्या लोकांना खिडकीतून मिस्सा दिसावी. साथ ओसरल्यावर चौकातल्या वेद्यांवरची मिस्सा थांबली आणि लोक चर्चमध्ये परतले. खिडकीनं दाराची जागा घेतली नाही.

श्वास आणि स्पर्श

सूट देण्याच्या क्रमाकडे पाहिलं तर एक विसंगती डोळ्यांत भरते. चर्चमधले बहुतेक निर्बंध स्पर्शावर होते, आणि धोका मुख्यतः श्वासात होता.

2020 च्या सुरुवातीला हे कुणाला पक्कं ठाऊक नव्हतं. म्हणून बाक पुसले गेले, दाराच्या कड्या पुसल्या गेल्या, गीतांची पुस्तकं कपाटात गेली. पण 10 मार्च 2020 रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅलीतला एक गायनवृंद एका चर्चच्या सभागृहात सरावासाठी जमला होता. 61 माणसं होती. त्यांतली 53 आजारी पडली, दोघांचा मृत्यू झाला. तिथल्या आरोग्य यंत्रणेनं मे महिन्यात या प्रकरणाचा अहवाल प्रसिद्ध केला आणि बंद खोलीत दीर्घ काळ मोठ्यानं गाणं किती घातक ठरू शकतं हे जगासमोर आलं. पुढे एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेच्याच रोगनियंत्रण संस्थेनं सांगितलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून कोरोना होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकापेक्षाही कमी आहे.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर 2022 मध्ये आधी काय सोडायला हवं होतं ते उघड आहे. पवित्र पाणी आधी, कोंदट खोलीतलं समूहगान शेवटी. बऱ्याच ठिकाणी घडलं उलट. गाणं परत आलं, कारण गाण्याशिवाय सण सुना वाटतो आणि गाणाऱ्याचा श्वास डोळ्यांना दिसत नाही. पाण्याचं भांडं मात्र कोरडं राहिलं, कारण शंभर माणसांची बोटं एकाच पाण्यात बुडताना दिसतात. माणूस दिसणाऱ्या धोक्याला भितो, हे चर्चच्या आत जितकं खरं तितकंच बाहेरही. त्या काळात बाजारातून आणलेली भाजी घरोघर धुतली जात होती आणि दारं-खिडक्या लावून वाढदिवस होत होते.

वसईतल्या जुन्या चर्चना या बाबतीत त्यांच्या बांधणीनं हात दिला. पोर्तुगीजांनी वसई 1534 मध्ये घेतली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत गमावली. या दोनशे वर्षांत उभ्या राहिलेल्या आणि पुढे वाढवलेल्या वास्तूंची छपरं उंच, बाजूला दारांची रांग, दर्यावरून येणारा वारा आरपार. वीज नव्हती तेव्हा उकाड्यावर काढलेला हा उपाय विषाणूवरही लागू पडला. अडचण झाली ती नंतरच्या काळात वातानुकूलित केलेल्या छोट्या प्रार्थनालयांची आणि सभागृहांची. तिथं काचा लावलेल्या आणि हवा तीच तीच फिरणारी.

हातावर की जिभेवर

सर्वांत नाजूक प्रश्न ख्रिस्तशरीराचा होता. कॅथलिक श्रद्धेत मिस्सेत अर्पण केलेली भाकर ही ख्रिस्ताचं शरीर आहे, त्यामुळे ती देण्या-घेण्याची पद्धत ही केवळ स्वच्छतेची बाब राहत नाही. कित्येक शतकं ती धर्मगुरूंनी थेट जिभेवर ठेवायची पद्धत होती. 1969 मध्ये रोमनं त्या-त्या देशांतल्या धर्माध्यक्षांना ती हातावर देण्याची परवानगी मागण्याची मुभा दिली. हातावर घेणं ही आधुनिक सवलत आहे असं मानणाऱ्यांना चौथ्या शतकातले जेरुसलेमचे बिशप सिरिल आठवत नाहीत. त्यांनी नव्यानं बाप्तिस्मा घेतलेल्यांना, उजव्या हाताखाली डावा हात धरून ते कसं घ्यावं, हे शिकवलं होतं.

साथीत सगळीकडे हातावरच हा नियम झाला. जिभेवर घेण्याची आयुष्यभराची सवय असलेल्यांना तो जड गेला. यात त्यांचा हट्ट नव्हता. लहानपणी ज्यांना शिकवलं गेलं की आपण त्याला हात लावायचा नाही, त्यांना सत्तरीत तोच हात पुढे करायला सांगणं म्हणजे आदराची व्याख्या बदलायला सांगणं होतं. निर्बंध उठल्यावर कायदेशीरपणे दोन्ही वाटा खुल्या झाल्या. पण ज्या धर्मग्रामांनी घाई केली नाही, जिभेवर घेणाऱ्यांना रांगेच्या शेवटी येण्याची विनंती केली आणि देणाऱ्यानं मध्ये हात स्वच्छ करण्याची सोय ठेवली, त्यांनी श्रद्धा आणि खबरदारी यांच्यात भांडण लावलं नाही.

आजारामुळे उपासनेची पद्धत बदलण्याचा हा पहिला प्रसंग नव्हे. 1890 च्या दशकात अमेरिकेतल्या काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी जंतूंच्या नव्या ज्ञानामुळे प्रभुभोजनाचा एकच सामायिक प्याला सोडून प्रत्येकाला वेगळी छोटी पेली द्यायला सुरुवात केली. तेव्हा त्यावर वादळ उठलं. आज जगभरच्या कित्येक मंडळ्यांत त्या पेल्यांशिवाय दुसरी पद्धत कुणाला आठवतही नाही.

नमस्कार, राख आणि क्रूस

काही बाबतींत भारतीय चर्चकडे उत्तर आधीपासून होतं. मिस्सेत एक क्षण असतो जेव्हा शेजाऱ्याला शांती देतात. पाश्चात्त्य देशांत ते हस्तांदोलनानं किंवा मिठीनं होतं आणि साथ सुरू होताच तिथं ते बंद झालं. भारतात मात्र 1969 मध्ये रोमनं उपासनेच्या भारतीयीकरणाचे बारा मुद्दे मान्य केले होते. त्यांत शांतीसाठी हात जोडून नमस्कार करता येईल, असं होतं. त्याच यादीत आणखी एक मुद्दा होता. एखाद्या वस्तूचं चुंबन घेण्याऐवजी तिला बोटांनी किंवा तळव्यानं स्पर्श करून तो हात डोळ्यांना किंवा कपाळाला लावता येईल. देवळाची पायरी ओलांडताना आपण जे करतो तेच. त्या काळी या बारा मुद्द्यांवरून पुष्कळ चर्चा झडली. हे फारच हिंदू वळणाचं आहे, असा आक्षेपही होता. पन्नास वर्षांनी त्यांतल्या निदान एकाची उपयुक्तता कुणाला समजावून सांगावी लागली नाही. निर्बंध उठल्यानंतरही नमस्कार तसाच राहिला, कारण तो बंदीतून आलेला नव्हता.

राखेच्या बुधवारचं असंच. उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी धर्मगुरू प्रत्येकाच्या कपाळावर राखेनं क्रूस काढतात आणि प्रत्येकाला उद्देशून एक वाक्य म्हणतात. 2021 मध्ये व्हॅटिकननं सांगितलं की वाक्य सर्वांसाठी एकदाच म्हणा, मग मास्क लावून, काहीही न बोलता डोक्यावर राख टाका. हा नवा शोध नव्हता, डोक्यावर राख टाकण्याची रीत युरोपात काही भागांत पूर्वापार आहे.

गुड फ्रायडेच्या क्रुसाबाबत तर उपासनेच्या पुस्तकातच तोडगा होता. दुपारच्या विधीत लोक रांगेनं पुढे येऊन क्रुसाचं चुंबन घेतात. 2020 मध्ये ते फक्त धर्मगुरूंनी घ्यावं, असा आदेश आला. पण गर्दी फार असेल तर धर्मगुरूंनी क्रूस उंच धरावा आणि सर्वांनी जागेवरूनच मौनात वंदन करावं, ही सोय साथीच्या कितीतरी आधीपासून मिस्सेच्या पुस्तकात आहे. त्यामुळे 2022 मध्ये ‘क्रूस चुंबू द्यायचा की नाही’ या प्रश्नाला होय आणि नाही यांच्यामधलं एक तिसरं उत्तर उपलब्ध होतं. वाकून नमन करणं, किंवा हात लावून तो कपाळाला लावणं.

पवित्र गुरुवारचा पाय धुण्याचा विधी मात्र पुन्हा सुरू करणं सोपं होतं आणि त्याचा परिणामही मोठा झाला. 2020 मध्ये तो जगभर वगळला गेला होता. 14 एप्रिल 2022 ला पोप फ्रान्सिस यांनी रोमजवळच्या चिवितावेक्कियाच्या तुरुंगात जाऊन बारा कैद्यांचे पाय धुतले. 2016 पासून या विधीत स्त्रियांनाही बसवता येतं. कौन्सिलला सुचण्यासारखं खूप होतं. त्या वर्षी परिचारिका, रुग्णवाहिकेचे चालक, दफनभूमीत काम करणारे यांना त्या बारा खुर्च्यांवर बसवण्याइतकी योग्य वेळ दुसरी नव्हती.

पाणी

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पवित्र पाण्याच्या भांड्याची चिंता कोरोनानं जन्माला घातली नाही. व्हिएन्नातल्या संशोधकांनी साथीच्या काही वर्षं आधी शहरातल्या चर्च आणि रुग्णालयांमधलं पवित्र पाणी तपासलं होतं. त्यांना आढळलं की जिथं वर्दळ जास्त तिथं जंतू जास्त. 2009 च्या स्वाइन फ्लूत, ज्याचा भारतातला पहिला बळी पुण्यात गेला, इटलीतल्या एकानं हात पुढे करताच पवित्र पाण्याचे थेंब सोडणारं यंत्र बनवलं होतं. म्हणजे भांडं कोरडं ठेवण्याला कारण होतं, फक्त ते कारण कोरोनाचं कमी आणि साध्या स्वच्छतेचं जास्त होतं.

भरायची तारीख चर्चच्या कॅलेंडरमध्येच दिलेली होती. 2000 साली व्हॅटिकननं स्पष्टीकरण दिलं होतं की उपवासकाळभर भांडी रिकामी ठेवू नयेत. ती फक्त पवित्र गुरुवारच्या मिस्सेनंतर रिकामी होतात आणि ईस्टरच्या जागरणात आशीर्वादित केलेल्या नव्या पाण्यानं भरली जातात. 2022 मध्ये ते जागरण 16 एप्रिलच्या रात्री होतं. शासनानं सूट दिल्यावर पंधरा दिवसांनी. धर्मग्रामाला एवढंच करायचं होतं. भांडी घासायची, पाणी दर आठवड्याला बदलायचं ठरवायचं, ते कुणी बदलायचं हेही ठरवायचं, आणि मग ईस्टरला भरायची. ज्यांना अजून भीती वाटते त्यांनी बाटलीतून घरी न्यावं.

या एका भांड्यात सूट देण्याची सगळी कला आहे असं मला वाटतं. तारीख परंपरेतून घ्यावी, रीत आरोग्यशास्त्रातून घ्यावी, आणि जो अजून तयार नाही त्याच्यासाठी वाट ठेवावी.

प्लेगचे क्रूस काय सांगत नाहीत

मुंबईला हे सगळं पूर्वी एकदा करावं लागलं होतं. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या ख्रिस्ती डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्याच वर्षी, 10 जानेवारीला, शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारनं साथरोग कायदा केला. तोच कायदा मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रानं लागू केला आणि त्याखालचे निर्बंध एप्रिल 2022 मध्ये मागे घेतले. सव्वाशे वर्षांचं अंतर असलेल्या दोन साथींना एका कायद्यानं बांधलं आहे.

त्या प्लेगची खूण आजही वांद्र्याच्या गल्ल्यांत, गिरगावात दिसते. कोपऱ्याकोपऱ्यावर उभे असलेले दगडी क्रूस. साथीपासून रक्षण व्हावं म्हणून किंवा वाचल्याची कृतज्ञता म्हणून वस्त्यांनी ते उभारले. काहींवर साल कोरलेलं आहे. मे महिन्यात आजही अनेक क्रुसांपाशी आसपासचे लोक जपमाळेसाठी जमतात.

हे क्रूस श्रद्धेचा पुरावा आहेत. पण लोक पुन्हा एकमेकांच्या घरी केव्हा जाऊ लागले, बंद घरं केव्हा उघडली, पहिल्यांदा कोण धजावलं आणि कोणाला भीती वाटत राहिली, यातलं काही ते सांगत नाहीत. साथ कशी आली हे लिहून ठेवलं जातं, कारण ती बातमी असते. ती गेल्यावर माणसं एकमेकांजवळ कशी परतली हे लिहिलं जात नाही, कारण ते हळूहळू घडतं. वांद्र्याची मोतमाउलीची जत्रा 2020 आणि 2021 मध्ये झाली नाही आणि सप्टेंबर 2022 मध्ये पुन्हा भरली, हे नोंदलं गेलं. पण मधल्या पायऱ्या?

काय ठेवायचं

5 मे 2023 ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. तोवर चर्चच्या बाकांवरच्या खुणा फिक्या पडून गेल्या होत्या. ‘पूर्वीसारखं झालं’ असं म्हणायला हरकत नव्हती, पण पूर्वीसारखं सगळंच व्हावं असं नव्हतं. दारं-खिडक्या उघड्या ठेवणं, पाण्याचं भांडं नियमानं बदलणं, सर्दी-ताप असलेल्यानं मिस्सेला येऊ नये आणि त्यासाठी त्याला अपराधी वाटू नये, ख्रिस्तशरीर देणाऱ्यानं आधी हात स्वच्छ करणं, घरी पडून असलेल्या माणसापर्यंत दर आठवड्याला कुणीतरी जाणं. यांतलं एकही श्रद्धेच्या आड येत नाही. उलट शेजाऱ्यावर प्रेम करा, या शिकवणीचा तो अगदी साधा, रोजचा उलगडा आहे. ऑगस्ट 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लस घेणं ही प्रेमाची कृती आहे, असं म्हटलं होतं. खिडकी उघडणं हीसुद्धा तशीच कृती असू शकते.

जानेवारी 2020 मध्ये वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या 93 व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. महाराष्ट्रातल्या अनेकांना तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की इथल्या चर्चमध्ये मिस्सा, गाणी, प्रवचन सगळं मराठीत चालतं. नंतर दोनच महिन्यांत ती सगळी मराठी मोबाईलच्या पडद्यावर गेली. वसई धर्मप्रांताची स्थापना 1998 ची. एवढ्या कमी वयाच्या धर्मप्रांताला आपल्या पहिल्या पिढीतच असा प्रसंग आला आणि त्यानं तो निभावला. मराठीत आणि आपल्या रीतीनं.

आता एक काम उरलं आहे, आणि ते धर्मग्रामच करू शकतो. चर्चकडे बाप्तिस्म्याची, विवाहाची, मृत्यूची नोंदवही शतकानुशतकं असते. निर्णयांची नसते. 2020 ते 2022 या काळात कौन्सिलनं काय ठरवलं, कोणत्या रविवारी किती मिस्सा झाल्या, गायनवृंदात किती जण उभे राहिले, जिभेवर ख्रिस्तशरीर पुन्हा कधी दिलं, त्यावर कोण नाराज झालं, कोण परत आलं नाही आणि त्याच्याकडे कोण गेलं, हे ज्यांना आठवतं ती माणसं आज हयात आहेत. धर्मगुरूंच्या दर काही वर्षांनी बदल्या होतात, कौन्सिल बदलते, आणि आठवणी माणसांबरोबर जातात. पुढची साथ येईल तेव्हा दार बंद करण्याचा आदेश सरकार काढेलच, त्यासाठी आपल्याला तयारी लागणार नाही. दार उघडण्याची तयारी मात्र आपली आपणच करावी लागेल. त्या दिवशी कौन्सिलच्या टेबलावर एक वही असली, तर पहिला प्रश्न पुन्हा पहिल्यापासून सोडवावा लागणार नाही.